फ्रीज बिघडला : दुरुस्ती की नवा? आधी वहीवर हिशेब मांडा

मटण-चिकनची दुकाने, दूध डेअरी, बेकरी, शीतपेयांच्या टपऱ्या, ज्यूस सेंटर आणि खानावळी चालविणारे आमचे असंख्य व्यापारी बांधव आज फ्रीज आणि डीप फ्रीजरच्या भरवशावर धंदा करीत आहेत. दुसरीकडे हेच फ्रीज दुरुस्त करून पोट भरणारे मेकॅनिक, वाइंडिंगवाले, जुन्या मालाचे दुकानदार आणि भंगारवाले यांतही आमच्या समाजातील कारागिरांची संख्या मोठी आहे. त्यामुळे एखाद्या दुकानातला फ्रीज बंद पडतो तेव्हा प्रश्न दोघांच्याही गल्ल्याचा असतो. दुकानदाराने दुरुस्ती करावी की नवा घ्यावा, या प्रश्नावर आम्ही आज आमचे मत मांडीत आहोत. ते दोघांनीही वाचावे.

आमचे मत आरंभीच सांगतो. हा निर्णय तीन गोष्टींवर होऊ नये : शोरूमच्या स्कीमवर, मेकॅनिकच्या तोंडी शब्दावर आणि 'आमचा जुना फ्रीज लोखंडासारखा आहे' या मायेवर. तो वहीवर मांडलेल्या हिशेबावरच व्हावा. आणि हिशेबाला बसण्याआधी फ्रीज खरोखर किती बिघडला आहे, हे कळले पाहिजे.

आधी माल वाचवा

फ्रीज बंद पडल्यावर पहिले काम मालाचे. दार वारंवार उघडून 'थंडी आहे का' पाहणे हा सर्वांत मोठा दोष. भरलेला डीप फ्रीजर झाकण न उघडता ठेवला तर साधारण दिवसभर तग धरतो. अर्धा रिकामा असेल तर त्याहून कमी. साध्या फ्रीजच्या खालच्या भागावर मात्र चार तासांपुढे भरवसा ठेवू नये. दूध, मांस, मासळी, मलई यांना पाच अंशांच्या खाली ठेवावे लागते आणि गोठवलेल्या मालाला उणे अठरा अंश. शंभर-दोनशे रुपयांचा थर्मामीटर फ्रीजमध्ये कायम ठेवला तर अंदाजाने बोलण्याची वेळ येत नाही. वितळलेला माल पुन्हा गोठवून गिऱ्हाइकाला देणे हे धंद्याला शोभणारे नाही आणि अन्नसुरक्षेच्या दृष्टीनेही धोक्याचे आहे.

एकाच गल्लीतल्या चार दुकानदारांनी आपसांत समजूत ठेवावी की, एकाचा फ्रीजर बंद पडला तर दुसऱ्याने दोन दिवस जागा द्यावी. खर्च शून्य, आणि घाईत चुकीचा फ्रीज खरेदी करण्याचा प्रसंग टळतो. आमच्या पाहण्यात सर्वांत महाग पडलेले फ्रीज हे बहुधा 'आजच्या आज पाहिजे' म्हणून घेतलेले असतात.

'बिघडला' म्हणजे नेमके काय?

फ्रीज ही तशी साधी यंत्रणा. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, मागच्या किंवा बाजूच्या नळ्यांतून त्याची उष्णता बाहेर जाते, बारीक कॅपिलरीतून तो आत सुटतो आणि आतली उष्णता शोषून परत कॉम्प्रेसरकडे येतो. बाकी सारे त्याला चालू-बंद करणारे, थंडी आत राखणारे किंवा बर्फ वितळवणारे भाग. यांपैकी काय गेले यावर खर्च शेकड्यात बसेल की हजारांत, हे ठरते.

मेकॅनिकला बोलावण्याआधी दुकानदाराने स्वतः पाहण्यासारख्या पाच गोष्टी आहेत. पहिली, प्लग आणि सॉकेट. पिन काळी पडली असेल, सॉकेट सैल असेल तर दोष तिथेच असू शकतो. दुसरी, व्होल्टेज. संध्याकाळी सर्व दुकानांचे दिवे लागले की दाब उतरतो आणि कॉम्प्रेसर 'टक्' आवाज करून थांबतो. अशा ठिकाणी बिघाड फ्रीजचा नसून लाइनचा असतो. तिसरी, दाराचे रबर. कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे आणि ओढावी. पट्टी सहज निघाली तर तिथून थंडी जात आहे. चौथी, मागच्या जाळीवरची धूळ. पिठाच्या गिरणीजवळ, बेकरीत किंवा रस्त्याकडेच्या दुकानात ही जाळी सहा महिन्यांत बुजते. पाचवी, जागा. भट्टीला किंवा चहाच्या शेगडीला खेटून ठेवलेला, भिंतीला चिकटवलेला, दुपारचे ऊन अंगावर घेणारा फ्रीज थंड करू शकत नाही. त्याला दोष देण्याआधी त्याला वितभर मोकळी जागा द्या.

या पाचांपैकी काहीच नसेल, तर मेकॅनिक लागेल. त्याच्या निदानाचे तीन गट आम्ही पाडतो.

पहिल्या गटात रिले, ओव्हरलोड, थर्मोस्टॅट, दाराचे रबर, आतला पंखा, आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये बर्फ वितळवणारा हीटर, सेन्सर किंवा टायमर. हे सुटे भाग बदलता येतात, गॅसला हात लावावा लागत नाही. या गटातल्या बिघाडासाठी चांगला फ्रीज काढून टाकणे म्हणजे वहाणेचा अंगठा तुटला म्हणून वहाण फेकणे.

दुसऱ्या गटात गॅसची गळती. इथे आमच्या व्यापारी बांधवांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : फ्रीजचा गॅस गाडीच्या पेट्रोलसारखा संपत नाही. ती बंद यंत्रणा आहे. गॅस कमी झाला याचा अर्थ कुठे तरी गळती आहे. 'दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो' असे सांगणारा मेकॅनिक गळती न शोधता पैसे घेत आहे. गळती उघड्या नळीवर असेल तर ती बुजवता येते. फ्रीझरच्या पत्र्याला सुरीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने बर्फ खरवडताना भोक पडले असेल, तर दुरुस्ती होते पण टिकेलच असे नाही. गळती भिंतीच्या फोममध्ये पुरलेल्या नळीत असेल, तर ती नळी बाजूला टाकून बाहेरून नवी जाळी जोडावी लागते. जुन्या फ्रीजच्या बाबतीत इथेच थांबून विचार करावा.

तिसऱ्या गटात कॉम्प्रेसर आणि इन्व्हर्टर फ्रीजचा सर्किट बोर्ड. हे सर्वांत महाग भाग. मात्र कॉम्प्रेसर गेला असे सांगितले गेले तर आधी रिले आणि ओव्हरलोड बदलून पाहिले का, वाइंडिंग मीटरने तपासले का, हे विचारलेच पाहिजे. काही शेकड्यांच्या रिलेच्या जागी काही हजारांचा कॉम्प्रेसर बसल्याची उदाहरणे बाजारात कमी नाहीत.

हिशेब कसा मांडावा

एक ठोकताळा सर्वत्र सांगितला जातो : दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून अधिक असेल आणि फ्रीजचे निम्मे आयुष्य सरले असेल, तर नवा घ्यावा. घरगुती वापरासाठी तो ठीक आहे. व्यापाऱ्यासाठी अपुरा आहे, कारण त्यात विजेचे बिल नाही, मालाची नासाडी नाही आणि अडकलेले भांडवल नाही. व्यापाऱ्याने 'एकूण किती लागतील' यापेक्षा 'वर्षाला किती पडतील' हे विचारावे.

दोन उदाहरणे घेऊ. आकडे समजुतीसाठी आहेत. आपापल्या गावचे भाव आणि आपल्या बिलावरचा युनिटचा दर घालून ते बदलावेत. विजेचा दर आम्ही १२ रुपये युनिट आणि दुकानातील नव्या फ्रीजचे आयुष्य ८ वर्षे धरतो, कारण दुकानात दार दिवसातून शेकडो वेळा उघडते.

पहिले उदाहरण. किराणा दुकानातला दूध आणि शीतपेयांचा एक दाराचा फ्रीज, वय सहा वर्षे, थर्मोस्टॅट गेला. दुरुस्ती १,२०० रुपये, पुढे चार वर्षे चालेल असे धरू. म्हणजे वर्षाला ३०० रुपये. तसाच नवा १७,००० रुपयांना, जुन्याचे २,००० वजा जाता १५,०००. आठ वर्षांनी भागले तर वर्षाला १,८७५ रुपये. नव्याने रोज ०.२ युनिट वाचते असे मानले तर वर्षाला ७३ युनिट, म्हणजे ८७६ रुपये. हा जादा विजेचा भार जुन्याच्या खात्यात टाकला तरी जुना वर्षाला १,१७६ रुपयांना पडतो आणि नवा १,८७५ रुपयांना. दुरुस्तीच करावी. शिवाय १३,८०० रुपये हातात राहतात. वर्षातून पाच-सहा वेळा फिरणाऱ्या मालात ते गुंतवले तर काय मिळते, हे किराणावाल्यास आम्ही सांगायला नको.

दुसरे उदाहरण. खानावळीतला ३०० लिटरचा फ्रॉस्ट-फ्री फ्रीज, वय चौदा वर्षे, कॉम्प्रेसर गेला आणि गळतीही आहे. दुरुस्ती ९,००० रुपये, मेकॅनिक तीन वर्षांची उमेद देतो. म्हणजे वर्षाला ३,०००. नवा ३२,०००, जुन्याचे २,००० वजा जाता ३०,०००, वर्षाला ३,७५०. इथवर दुरुस्ती स्वस्त दिसते. पण जुना रोज ३ युनिट खातो आणि नवा १.२ युनिट. फरक १.८ युनिट, वर्षाला ६५७ युनिट, म्हणजे ७,८८४ रुपये. आता जुना वर्षाला १०,८८४ रुपयांना पडतो आणि नवा ३,७५० रुपयांना. दुरुस्तीवर जाणारे ९,००० वजा केले तर नव्यासाठी वरून घालावे लागणारे २१,००० रुपये पावणेतीन वर्षांच्या आत विजेच्या बिलातूनच सुटतात. इथे दुरुस्ती ही काटकसर नव्हे, उधळपट्टी आहे.

दोन्ही उदाहरणांत निर्णय कशाने फिरला ते पाहा. विजेचा आकडा हा कळीचा आहे आणि बहुतेक दुकानदारांना तोच ठाऊक नसतो. इलेक्ट्रिकच्या दुकानात प्लगमध्ये बसणारा छोटा युनिट-मीटर मिळतो. चार दुकानदारांनी मिळून एक घ्यावा आणि फ्रीज चालू असतानाच चोवीस तास लावून आकडा टिपून ठेवावा. बिघडल्यानंतर मोजता येत नाही.

नव्या फ्रीजच्या तारांकित लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात. ऊर्जा दक्षता ब्युरोची ही योजना २००६ साली सुरू झाली आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रीजना २०१० पासून ती सक्तीची झाली. दोन गोष्टी मात्र ध्यानात घ्याव्यात. तारांचे निकष ठरावीक काळाने कडक होतात, म्हणून दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे आणि आजचे पाच तारे सारखे नाहीत. तारे मोजण्यापेक्षा युनिटचा आकडा वाचावा. आणि तो आकडा ठरावीक चाचणीतला असतो. दुकानातल्या उघडझापीत वापर त्याहून जास्त होतो.

आणखी एक खाते उरते, मालाचे. दहा किलो मटण ८०० रुपये भावाने ८,००० रुपयांचे होते. जो फ्रीजर एकदा दगा देऊन तेवढा माल घालवतो, त्याने एका रात्रीत मोठ्या दुरुस्तीइतका खर्च केलेला असतो. म्हणून मटण-चिकन, मासळी आणि आइस्क्रीमवाल्यांनी दुरुस्तीच्या बाजूने झुकताना अधिक सावध असावे. बाटलीबंद पाणी आणि शीतपेये ठेवणाऱ्याला तेवढी चिंता नाही. रमजान आणि बकरी ईदच्या आठवड्यात मेकॅनिक मिळत नाही, मिळाला तर भाव चढा असतो. तपासणी आणि सफाई महिनाभर आधी उरकावी.

शोरूममध्ये जाण्यापूर्वी

नवा घ्यायचे ठरले तरी सापळे आहेत. 'एक्स्चेंज'मध्ये जुन्याचे पाच हजार मिळतात म्हणून खूश होण्याआधी, जुना न देता रोखीने काय भाव, हे विचारावे. फरक काढला की जुन्याची खरी किंमत कळते. कित्येकदा जुन्या मालाच्या दुकानदाराकडे तीच किंवा अधिक मिळते.

दुसरा सापळा हप्त्यांचा. 'शून्य टक्के व्याज' असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना बजावले होते. व्याज नाव बदलून प्रोसेसिंग फीमध्ये असते, किंवा रोखीच्या गिऱ्हाइकाला मिळणारी सूट हप्तेवाल्याला न देण्यात असते. जे बांधव व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहू इच्छितात, त्यांनी या नावाला न भुलता कागद वाचावा. याहून उत्तम मार्ग म्हणजे नवा फ्रीज आला त्या दिवसापासून त्याच्या बदलीचा निधी सुरू करणे. वरच्या खानावळवाल्याने रोज ११ रुपये बाजूला ठेवले तर आठ वर्षांत ३२,००० रुपयांच्या वर जमतात. भाव वाढणार हे धरून थोडे अधिक ठेवावेत.

तिसरी गोष्ट वॉरंटीची. 'कॉम्प्रेसरला दहा वर्षे' या जाहिरातीत बहुधा फक्त कॉम्प्रेसरचा डबा येतो. गॅस, मजुरी, वाहतूक आणि बाकीचे भाग यांचे पैसे वेगळे पडतात. शिवाय अनेक कंपन्यांच्या वॉरंटी कार्डावर लिहिलेले असते की, घरगुती फ्रीज व्यापारी ठिकाणी वापरला तर वॉरंटी लागू नाही. दुकानासाठी घेत असल्याचे सांगून, काय लागू होते ते बिलावर लिहून घ्यावे. दुकानाला योग्य असा व्यापारी कूलर किंवा डीप फ्रीजर थोडा महाग असला तरी पुष्कळदा शेवटी तोच परवडतो.

कराचाही विचार करावा. फ्रीजवरचा जीएसटी २०१८ च्या जुलैमध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने आपला जीएसटी क्रमांक घालून बिल घेतले आणि फ्रीज धंद्यासाठीच वापरला, तर हा कर इनपुट क्रेडिट म्हणून वळता करता येतो. ३२,००० च्या फ्रीजवर तो सुमारे ४,८८० रुपये होतो. कंपोझिशन योजनेतील दुकानदारास हे मिळत नाही. आयकरात दुरुस्तीचा खर्च त्याच वर्षी वजा होतो. नव्यावर घसारा टप्प्याटप्प्याने मिळतो. अनुमानित उत्पन्नाच्या पद्धतीने कर भरणाऱ्यांना यांपैकी वेगळी वजावट नाही. आपल्या करसल्लागाराला एक फोन करून मगच बिल कोणत्या नावाने घ्यायचे ते ठरवावे.

आणि गाऱ्हाणे उद्भवले तर 'तुम्ही व्यापारी, ग्राहक नव्हे' असे उत्तर ऐकून परत येऊ नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू वगळली आहे हे खरे. पण स्वयंरोजगाराने केवळ आपले पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू त्या वगळणुकीत येत नाही. एकट्याने टपरी चालविणाऱ्याला हा आधार आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पण बिल नसेल तर कायदाही हात टेकतो.

दुरुस्तीवाल्या कारागिरांशी चार शब्द

आता आमच्या मेकॅनिक बांधवांकडे वळतो. दुकानदार नव्याकडे का वळतो, याचे एक कारण स्कीम आहे आणि दुसरे कारण अविश्वास. पहिल्याशी आपण लढू शकत नाही; दुसरे मात्र सर्वस्वी आपल्या हातात आहे.

गिऱ्हाइकाला चार ओळींची चिठ्ठी द्या : काय बिघडले, काय बदलणार, किती लागतील, किती महिन्यांची हमी. तपासणीची फी वेगळी सांगा आणि ती बिनदिक्कत घ्या. ज्ञानाचे पैसे घेण्यात लाज नाही. भाग बदलला तर जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्या. ज्या फ्रीजची दुरुस्ती परवडणारी नाही त्याला 'करू नका' असे सांगा. त्या दिवशी मजुरी बुडेल, पण त्या गल्लीतले पुढचे दहा फ्रीज तुमच्याकडेच येतील. धंद्यात बरकत येते ती अशीच.

कामाची पद्धतही बदलली पाहिजे, कारण गॅस बदलले आहेत. जुन्या फ्रीजमधील आर-१२ ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७ च्या माँट्रिअल कराराने हद्दपार ठरला. भारत १९९२ साली करारात आला आणि २०१० पर्यंत तो वर्ग आपल्याकडे जवळपास बंद झाला. त्याच्या जागी आर-१३४ए आला. तो ओझोनला मारक नसला तरी पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून जोरदार आहे. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने असे गॅस कमी करण्याचे ठरले आणि भारताने २०२१ साली तिला मंजुरी दिली. आज घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन सर्रास येतो. तो वातावरणास सौम्य आहे, वजनाने काही दहा ग्रॅमच लागतो, पण ज्वलनशील आहे.

याचा अर्थ काय? कॉम्प्रेसरवरची पट्टी वाचल्याशिवाय गॅसची नळी जोडू नका. एका गॅसच्या कॉम्प्रेसरमध्ये दुसरा गॅस भरू नका. आर-१३४एला लागणारे तेल वेगळे असते, आणि चुकीच्या जोडीने कॉम्प्रेसर थोड्या दिवसांत जातो. आर-६००एच्या फ्रीजवर यंत्रणेत गॅस असताना ज्योत लावू नका. दारे-खिडक्या उघड्या ठेवा, जवळ विडी-सिगारेट नको. गळती शोधताना नायट्रोजनचा दाब आणि साबणाचा फेस वापरा. यंत्रणा उघडली की फिल्टर नवा टाका, पंपाने व्हॅक्यूम करा आणि गॅस काट्यावर मोजून भरा. 'हात लावून थंडी पाहिली' ही पद्धत आर-१२ च्या काळात खपून गेली. काही दहा ग्रॅमच्या गॅसमध्ये पाच-दहा ग्रॅमची चूक फार मोठी ठरते. व्हॅक्यूम पंप आणि डिजिटल काटा एकट्याला जड वाटत असेल तर दोघा-तिघांनी भागीदारीत घ्यावा. आपल्या मुलांना केवळ हाताखाली ठेवू नका. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंग मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, तिथे पाठवा. इन्व्हर्टर बोर्डाची दुरुस्ती ज्याला येईल त्याला पुढची वीस वर्षे काम कमी पडणार नाही.

जुन्या मालाचा आणि भंगाराचा धंदा करणाऱ्यांनीही ऐकावे. तांब्याच्या नळीसाठी पाइप कापून गॅस हवेत सोडणे बंद झाले पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत फ्रीज येतो आणि त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणजे नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्रांना माल हवाच आहे. आमच्या भंगारवाल्यांनी एकत्र येऊन त्यांना माल पुरवावा. चोरून फोडण्यापेक्षा त्यात प्रतिष्ठा आहे आणि आरोग्यही.

कंपन्यांकडे मागणी

दुरुस्ती महाग होण्याचा सारा दोष कारागिराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. सुटे भाग बाहेर विकायचे नाहीत, सर्किटची माहिती द्यायची नाही, सात-आठ वर्षांत 'मॉडेल बंद झाले' म्हणायचे, ही रीत बाजारात बळावली आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू केले. त्यात घरगुती उपकरणांचा समावेश आहे. पोर्टलवर माहिती टाकणे ऐच्छिक राहिले तर त्याचा उपयोग मर्यादितच राहणार. फ्रीजचे सुटे भाग किमान दहा वर्षे, छापील किमतीत, कोणाही मेकॅनिकला मिळतील असा बंधनकारक नियम झाला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ही मागणी व्यापारी संघटना आणि मेकॅनिक संघटना यांनी एकत्र केली तरच तिला वजन येईल. एकाचा खर्च वाचतो, दुसऱ्याचा रोजगार वाचतो.

गोदरेजने १९५८ साली विक्रोळीत फ्रीज बनवायला घेतला तेव्हा तो श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली वस्तू होती. आज रांजणगावसारख्या ठिकाणी मोठाले कारखाने उभे आहेत आणि फ्रीज हातगाडीच्या शेजारीही दिसतो. वस्तू सामान्य झाली की ती फेकण्याचीही सवय सामान्य होते. ती सवय छोट्या व्यापाऱ्याला परवडणारी नाही. आणि विजेचे बिल न पाहता पंचवीस वर्षांचे धूड ओढत राहणेही परवडणारे नाही.

म्हणून आमचे सांगणे थोडक्यात असे. पहिल्या गटातला बिघाड असेल तर वयाचा फारसा विचार न करता दुरुस्त करा. गळती किंवा कॉम्प्रेसर असेल आणि फ्रीज सात-आठ वर्षांच्या आतला असेल, तर लेखी हमी घेऊन दुरुस्त करा. आधी वॉरंटी कार्ड पाहा. दहा वर्षांच्या पुढचा, विजेला भुकेला आणि गॅसला गळणारा असेल तर नवा घ्या, शक्यतो रोखीने, पक्क्या बिलासह. मधल्या वयाच्या फ्रीजसाठी वर दिलेला हिशेब करा. आज फ्रीज धडधाकट चालू आहे त्यांनीही एक वही उघडून खरेदीची तारीख, किंमत, रोजचे युनिट आणि झालेली प्रत्येक दुरुस्ती लिहून ठेवावी. फ्रीज बंद पडेल त्या दिवशी निर्णय त्या वहीतच लिहिलेला सापडेल.